वाचकांचे प्रश्न : करार आहेत, बातमीदार नाहीत

प्रश्न : सीमेवर काही घडलं, की दुसऱ्या दिवशीचा पेपर वाचून माझे दहावीचे विद्यार्थी युद्धाच्याच गोष्टी करतात. भारत-पाकिस्तानात वृत्तपत्रांबद्दल कधी काही ठरलंच नाही का?
— एक शिक्षिका, डहाणू

उत्तर : ठरलं होतं, बाई, आणि एकदा नव्हे. १९५० च्या नेहरू-लियाकत करारात वृत्तपत्रं आणि रेडिओवरून जातीय भावना भडकवणाऱ्या मजकुराला आळा घालण्याचं दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी कबूल केलं. पुढे १९६६ ला ताश्कंदमध्ये आणि १९७२ ला सिमल्यातही एकमेकांविरुद्धच्या प्रचाराला आवर घालायचं ठरलं. पण ही सरकारांनी सरकारांना दिलेली वचनं. तणावाच्या दिवसांत प्रचार सर्वांत जास्त हवा असतो तो सरकारांनाच!

मी मुंबईत रात्रपाळीचा उपसंपादक होतो. कारगिलच्या दिवसांत पान लावताना समोर असायची ती दिल्लीच्या पत्रकार परिषदेची कॉपी. पलीकडचं म्हणणं तिच्या शेवटच्या परिच्छेदात असायचं, आणि ऐन वेळी जाहिरात आली की कात्री खालूनच लागते. त्यात खोटं एक अक्षर नसायचं, तरी सकाळी तुमच्या हाती अर्धीच बातमी पडायची.

तेव्हा निदान इस्लामाबादेत आपली माणसं असायची. मे २०१४ मध्ये पाकिस्तानने 'द हिंदू' आणि पीटीआय या भारतीय वृत्तसंस्थेच्या बातमीदारांना आठवड्याभरात देश सोडायला सांगितलं. त्या जागा रिकाम्या झाल्या, आणि दिल्ली-इस्लामाबादेत कुणाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. मला मात्र सर्वांत जास्त हेच खुपतं. मे २०२५ मध्ये कराची बंदरावर हल्ला झाल्याची बातमी आपल्या कितीतरी वाहिन्यांनी रात्री चालवली, ती खोटी निघाली. आपला एक बातमीदार तिथे असता, तर एका फोनवर ती बातमी थांबली असती.

मुलांसाठी एक काम सुचवतो. तुमच्या पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या मलीर तुरुंगात अडकतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. ही बातमी बहुधा आतल्या पानावर, चार ओळींत येते. ती मुलांना शोधायला सांगा. सापडली नाही, तर वर्गातर्फे संपादकांना पत्र पाठवा. अशी पत्रं वाचली जातात, हे मी खात्रीने सांगतो.