बोटीच्या कपलिंगची चावी सारखी तुटते, कडक पोलादाची बसवू का?

तुमचा प्रश्न असा: कोकणातल्या हर्णैच्या ट्रॉलरवर (मासेमारी बोटीवर) गिअरबॉक्सच्या फ्लँज कपलिंगची, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट बोल्टने जोडणाऱ्या दोन गोल तबकड्यांची, चावी एका हंगामात तीनदा तुटली. चावी म्हणजे शाफ्ट आणि कपलिंग एकत्र फिरावेत म्हणून दोघांमध्ये बसवलेली पोलादी पट्टी. इंजिन १०० अश्वशक्तीचं, शाफ्ट ५० मिलिमीटरचा, पंखा (प्रोपेलर) मिनिटाला ६०० फेरे. लेथवाला कडक चावी घालू म्हणतो.

नका घालू. कडक चावी टिकेल, पण शाफ्टचा गाळा (चावी बसते ती खाच) फाटेल, आणि शाफ्ट चावीच्या कितीतरी पट महाग. शिवाय चावी कमजोर नाहीच. तुमच्या आकड्यांवर पीळ (टॉर्क) साधारण ११९० न्यूटन-मीटर येतो, म्हणजे शाफ्टच्या कडेला जवळजवळ पाच टनांचा जोर. १४ मिलिमीटर रुंद, ९ उंच, ८० लांब अशी ईएन ८ या साध्या पोलादाची चावी याच्या तिप्पट सहज पेलते. ती तुटते ती ढिलाईमुळे. पुढचा-मागचा गिअर टाकला की सैल चावीवर घण बसतो.

आधी गाळा बघा. चावी दोन्ही बाजूंनी घट्ट हवी, वर मात्र ०.३ मिलिमीटर मोकळी: गाळा शाफ्टमध्ये ५.५, कपलिंगमध्ये ३.८ मिलिमीटर खोल. गाळ्याच्या कडा गोल झाल्या असतील तर पितळी पत्रा कोंबू नका, आठवड्यात निघेल. शाफ्ट आणि कपलिंग दोन्हींचा गाळा १६ मिलिमीटरपर्यंत रुंद करून घ्या आणि त्याच मापाची चावी घासून बसवा.

पण खरा दोष बहुधा अलाइनमेंटचा, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसण्याचा असतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत लाकडी बोट किनाऱ्यावर सुकते, पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि सांगाड्याचा आकार बदलतो. म्हणून किनाऱ्यावर जुळवलेलं कपलिंग पाण्यात जुळत नाही. बोट एक दिवस तरंगू द्या, मग बोल्ट काढून, शाफ्टचं वजन खालून तोलून धरा आणि दोन फ्लँजमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. १५० मिलिमीटरच्या फ्लँजला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी फटीत ०.१५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नको. फट वर जास्त असेल तर इंजिनचे पुढचे पाय शिम (पातळ पत्रे) घालून उचला, खाली जास्त असेल तर उतरवा. दोन्ही फ्लँज एका उंचीवर आहेत का, तेही पट्टी लावून बघा. बोल्ट आवळल्यावर फट आपोआप मिटते, म्हणून लोक फसतात. ती मिटलेली फट दर फेऱ्याला शाफ्ट वाकवते.

पंख्याच्या बाजूलाही एक नजर टाका. तिथे आधी चावीशिवाय पंखा शाफ्टच्या निमुळत्या उतारावर चढवून पेन्सिलने खूण करा, मग चावीसकट चढवा. खुणेपर्यंत आला नाही, तर चावी वर टेकते आहे. तिचा माथा घासा.