जपानने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी घाईत बनवलेल्या रायफली चालवणाऱ्याच्याच हातात फुटायच्या, हे खरं का? जर्मनीच्या बऱ्या होत्या का?

फुटायच्या त्या बहुतेक लढाईच्या रायफली नव्हत्याच. जपानमध्ये कवायतीसाठी हुबेहूब दिसणाऱ्या बंदुका होत्या: ओतीव, कमजोर बॉडी, आतून गुळगुळीत नळी, फक्त बिनगोळीच्या काडतुसांसाठी. अमेरिकी शिपायांनी आठवण म्हणून त्याही घरी नेल्या. कोणीतरी त्यांत खरं काडतूस भरलं आणि बदनाम झाली टाइप ९९, म्हणजे जपानी सैन्याची लढाईतली रायफल.

सुरुवातीच्या टाइप ९९ चा (सम्राटांच्या कालगणनेतलं २५९९, म्हणजे १९३९) थाट बघा. नळीला आतून क्रोम, बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) सरकतं धूळझाकण, पुढे तारेचा टेकू, आणि नेम धरायच्या साइटला दुमडणारे पंख. कशासाठी, तर रायफलीने विमान टिपायला! ते पंख गेले म्हणून कोणाचं काय अडलं?

१९४५ च्या नगात वर-खाली होणाऱ्या साइटऐवजी ३०० मीटरला पक्कं केलेलं भोक. दस्त्यामागे लोखंडी पट्टीऐवजी खिळ्यांनी ठोकलेली लाकडी फळी. बोल्टची मूठ साधी दंडगोल, सेफ्टीच्या बोंडावर वेल्डिंगची खरबरीत कड, कटरचे ओरखडे जसेच्या तसे. दिसायला भिकार, मान्य. पण कारागिराचा वेळ खाणारं तेवढंच कापलंय. काडतुसाचा दाब झेलणारे बोल्टचे पुढचे दोन दात जागेवर आहेत. 'दस्त्याला जोड आहे, लाकूडही धड नव्हतं' म्हणणाऱ्यांनी जुन्या, चांगल्या काळातल्या अरिसाका (टाइप ९९ ज्या जपानी रायफलींच्या घराण्यातली, त्या) उलटून बघाव्यात. जोड त्यांनाही आहे. अरुंद फळीतून दस्ता निघावा म्हणून.

खरं नुकसान क्रोम काढल्याचं. तिथल्या काडतुसाच्या टोपीतलं रसायन जळल्यावर नळीला गंज धरतं. त्यात दमट हवा. गोळीबारानंतर नळी धुतली नाही की संपली.

जर्मनीचं थोडक्यात. फोक्सस्टुर्मसाठीची, म्हणजे शेवटी उभ्या केलेल्या नागरी सेनेसाठीची व्हीजी १ म्हणजे ओबडधोबड बोल्ट रायफल, गेवेर ४३ या सैन्याच्या अर्धस्वयंचलित रायफलीचं १० गोळ्यांचं मॅगझिन लावलेली. गुस्टलॉफ कारखान्याची अर्धस्वयंचलित रायफल हुशारीची: नळीतलाच गॅस स्लाइडला क्षणभर मागे येऊ देत नाही. पण तिला मॅगझिन आणि काडतूस सैन्याच्या असॉल्ट रायफलीचं, एसटीजी ४४ चंच लागायचं, म्हणजे आघाडीवरच्या शिपायाच्या ताटातलंच. याला मी चांगलं डिझाइन म्हणत नाही.

हो, एक राहिलं. अरिसाकाच्या ताकदीसाठी सगळे पी. ओ. अ‍ॅक्ली या अमेरिकी बंदूक-कारागिराच्या, रायफली मुद्दाम फुटेपर्यंत ताणून बघणाऱ्या चाचण्यांचा दाखला देतात, पण त्यातली गाजलेली रायफल जुनी टाइप ३८ होती. तेव्हा शेवटच्या काळातला नग हाती आलाच, तर माझ्या भरवशावर त्यात काडतूस घालू नका.