हातोटी : बोटीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या का बसतात?

या महिन्यात पत्रांच्या गठ्ठ्यात चार पत्रं लाकडी बोटींची निघाली. पावसाळ्यात घरात बसून माणसं काय काय काढतात! पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा, म्हणून माझगावच्या एका फाउंड्रीत माझी सगळी नोकरी झाली आणि बोटींचा नाद त्याच वयात लागला, त्यामुळे या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवतोय. मिक्सरच्या झाकणाबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : काका, भावानं परदेशातून दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरचा, म्हणजे शिडाच्या जहाजाचा, किट आणला, प्रमाण १:५०. कणा आणि बरगड्यांचा सांगाडा तासाभरात जमला. पहिल्या दोन पट्ट्या छान बसल्या. तिसरीपासून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, प्रत्येक पट्टी शेजारचीवर चढते, जिन्याच्या पायऱ्या दिसाव्यात तशी. एका बाजूच्या सात पट्ट्या झाल्यावर लक्षात आलं की कणाही केळ्यासारखा वाकलाय. मिस्टर म्हणतात, लांबी (पुट्टी) भर आणि रंग मार. चालेल का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, ‘सांगाडा तासाभरात जमला’ असं तुम्ही लिहिलंय ना, दुखणं तिथेच आहे. तो जमला नव्हता, नुसता एकमेकांत अडकला होता. माझा स्वतःचा पहिला सांगाडाही असाच एका संध्याकाळी झाला होता आणि त्यावर मी चाळीत पेढे वाटले होते.

किटमधल्या बरगड्या लेझरनं कापलेल्या असतात, त्यांच्या कडा अगदी काटकोनात. बोटीच्या पोटाशी ते चालतं, कारण तिथे पट्टी बरगडीला सरळ ओलांडून जाते. नाळेकडे बोट निमुळती होते, पट्टी तिरकी येते आणि बरगडीच्या पुढच्या धारेवर तेवढी टेकते. एका धारेवर फेविकॉलचा थेंब पट्टीला धरणार तरी किती? ती उठते आणि शेजारचीच्या डोक्यावर बसते.

म्हणून आधी कडा उतरवायच्या. दीड-दोन इंच रुंद, सरळ लाकडी पट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. पट्टी इतकी लांब हवी की एका वेळी तीन बरगड्यांवरून फिरेल. एकेक बरगडी सुटी घासलीत तर खड्डे पडतील. पुढच्या अर्ध्या भागात बरगडीची पुढची कड घासायची, मागच्या अर्ध्या भागात मागची. कुठे थांबायचं ते लेझरच सांगतो. त्यानं जाळलेली कड काळी असते. न घासायच्या धारेशी काळी रेघ जेमतेम उरली की हात थांबवा. ती रेघ गेली म्हणजे बोट बारीक झाली.

मग किटमधली एक पट्टी गोंद न लावता बरगड्यांवर धरा आणि खालून उजेड घ्या. पट्टी आणि बरगडी यांच्यामधून उजेड दिसला की अजून काम आहे. वर्सोव्याला होडीची डागडुजी करणारा एक म्हातारा सुतार मी पाहिला होता. हातात रंधा नाही, टेप नाही, एक लवचीक पट्टी. ती बरगड्यांवरून नेऊन एक डोळा मिटून बघायचा, दोन ठिकाणी पटाशी मारायचा, पुन्हा बघायचा. तासभर त्यानं एकही खिळा मारला नाही. मजुरी मात्र दिवसाची घेतली, आणि बरोबर घेतली.

नाळेच्या टोकाशी पहिल्या दोन बरगड्यांमधली पोकळी हलक्या लाकडाच्या ठोकळ्यांनी भरून घ्या. बाल्सा नसला तर पांगारा चालतो. पट्टीला टेकायला जागा मिळते आणि वळणही नीट येतं.

आता पट्ट्यांची रुंदी. तिसऱ्या पट्टीनं तुम्हाला गाठलं त्याचं दुसरं कारण हे. कागदाची चिंधी घेऊन मधल्या बरगडीची कड वरून कण्यापर्यंत मापा. समजा, ८० मिलिमीटर आली आणि पट्टी ५ मिलिमीटरची आहे, तर एका बाजूला १६ पट्ट्या लागतात. आता नाळेजवळच्या बरगडीची कड मापा. ती ४८ निघाली, तर त्याच १६ पट्ट्यांना तिथे ४८ मिलिमीटरमध्येच राहायचंय. म्हणजे वाट्याला प्रत्येकी ३ मिलिमीटर. ही पाचाची तीन करण्याची निमुळती कापणी केली नाही, तर पट्ट्या एकमेकींवर चढणारच, सकाळच्या विरार लोकलसारख्या. धारदार कटर आणि पोलादी पट्टी घ्या, शेवटची तासणी छोट्या रंध्यानं करा. निम्म्याच्या खाली, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या खाली, मात्र जाऊ नका. टोक चिरतं. तेवढं निमुळतं करायची वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच घालायची. मागच्या टोकाला, वरमाकडे, उलटा प्रकार असतो. तिथे जागा उरते आणि मधे लांब पाचरी बसवाव्या लागतात. पाचर बसवली म्हणून काम चुकलं असं समजू नका, खऱ्या बोटीतही बसवतात.

कणा वाकला, कारण तुम्ही एकच बाजू पुढे नेलीत. गोंद वाळताना आणि वाकवलेली पट्टी सरळ व्हायला बघताना कण्याला आपल्याकडे ओढते. सात जणी एका बाजूला आणि समोर कुणीच नाही, मग दुसरं काय होणार? एक पट्टी डावीकडे, लगेच जोडीची उजवीकडे, हा नेम मोडायचा नाही.

तुमच्या सातही पट्ट्या काढाव्या लागतील. वाईट वाटून घेऊ नका, पांढरा फेविकॉल सुटतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशनं सांध्यावर सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पातळ पातं सरकवा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद. फेविक्विक वापरलं असेल तर ॲसिटोन लागेल आणि शिव्याही. पट्ट्या निघाल्या की कणा बराचसा आपोआप सरळ होतो. उरलेला बाक दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्यांनी दाबून आठवडाभर ठेवा.

वाकवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भांडुपमध्ये पावसाळ्यात काम करताय म्हणून सांगतो. पट्टी अर्धा तास गरम पाण्यात ठेवता, वाकवता, आणि ओलीच चिकटवता, बरोबर? मीही तेच केलं होतं. गिरगावात श्रावणात पहिली बोट मढवली. नखही शिरणार नाही असे सांधे. जानेवारीत कपाटावरून काढली, आत टॉर्च धरला, तर प्रत्येक सांध्यातून उजेडाची रेघ! पाणी प्यायलेलं लाकूड रुंदीत फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, म्हणून फसायला होतं. तेव्हा ओली पट्टी सांगाड्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी नुसती धरून ठेवा, रात्रभर वाळू द्या, सकाळी काढा. आकार धरलेला असतो. मग गोंद. मुंबईच्या जुलैत रात्रभरात वाळेल याचा भरवसा नाही, म्हणून मी जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब हातभर अंतरावरून लावून ठेवतो. शिल्लक पट्ट्या झिपच्या पिशवीत ठेवायच्या. वॉर्निश मात्र दिवाळीनंतर. दमट हवेत पॉलिशवर पांढरी साय धरते आणि दोष लाकडाला मिळतो.

आणि लांबी? मिस्टर अर्धे बरोबर आहेत. तुमच्या किटमध्ये दीड मिलिमीटरचा लिंबाच्या नव्हे, ‘लाइम’च्या (लिंडन या युरोपातल्या झाडाच्या) लाकडाचा पहिला थर आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडाचा दुसरा असेल. पहिल्या थरातल्या बारीक फटी भुसा आणि फेविकॉल कालवून खुशाल भरा, वर अक्रोड येणारच आहे. पायऱ्या मात्र लांबीनं लपत नाहीत. त्या घासून सपाट करायला गेलात तर दीड मिलिमीटरची फळी संपते आणि पलीकडे बरगडी दिसते.

प्रश्न : मला मुंबईत बांधलेलं एखादं जुनं जहाज करायचंय, तेही खऱ्या सागवानात. पहिलाच प्रयत्न आहे. — एक वाचक, दादर

उत्तर : हौस मोठी आहे, आवडली. तुमच्या मनातलं जहाज बहुधा ‘त्रिंकोमाली’ असणार. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली ते मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानात बांधलं आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगतं. तीन डोलकाठ्या, तोफा, शेकडो दोर. पहिल्या प्रयत्नात हे म्हणजे पोळी येत नसताना पुरणपोळी. आधी एका डोलकाठीची छोटी बोट करा, जिच्या पट्ट्या एका बाजूला पंधरा-वीसच्या वर जात नाहीत.

सागवान मात्र विसरा. खऱ्या जहाजाला त्याच्यासारखं लाकूड नाही, पण लाकडाची रेषा मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही. सागाची जाड छिद्रं पन्नासपट लहान केलेल्या डेकवर भुयारांसारखी दिसतात. मॉडेलला बारीक रेषेचं लाकूड लागतं, पेअर किंवा अक्रोड. फाउंड्रीत आम्ही उलट्या दिशेनं हेच शिकलो होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थिजताना शेकडा एक आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आकार बदलला की प्रत्येक गोष्ट त्याच हिशेबात बदलतेच असं नाही.

किट बहुतेक स्पेन, इटली, डेन्मार्कचे येतात. किमतीत कस्टम ड्युटी धरा. मी एकदा धरली नव्हती, आणि कुरिअरवाला दारात उभा असताना शेजाऱ्यांकडे पैसे मागावे लागले होते.

प्रश्न : अकरा वर्षांच्या नातवाला तयार झालेली बोट सोसायटीच्या विसर्जनाच्या हौदात सोडायची आहे. तरंगेल ना? — आजोबा, मुलुंड

उत्तर : तरंगेल आणि लगेच आडवी होईल. शोभेच्या मॉडेलला वर काठ्या-शिडांचं ओझं असतं आणि खाली वजन काहीच नसतं. शर्यतीतल्या एक मीटर लांबीच्या मॉडेल यॉटचं उदाहरण घ्या. तिचं वजन कमीत कमी ४ किलो लागतं, त्यातलं २.२ ते २.५ किलो तळाच्या फळीत आणि शिशाच्या गोळ्यात असतं. शिवाय पांढरा फेविकॉल पाण्यात टिकत नाही. नातवाला पुठ्ठ्याच्या दुधाच्या खोक्याची बोट करून द्या, बुडाला बाहेरून मोठे खिळे चिकटपट्टीनं बांधा. एक काढून बघू दे, दोन वाढवून बघू दे. कलंडायची कधी थांबते ते त्याचं त्यालाच सापडेल.

प्रश्न : डोलकाठीच्या दोरांवर शिडीच्या आडव्या गाठी मारतोय. दोऱ्याला लव येते आणि उभे दोर आत ओढले जातात. — एक वाचक, परळ

उत्तर : लव येते कारण दोरा कोरडा आहे. मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढा, मग चिमटीत धरून घासा. काठीला ताणून धरणारे दोर गडद तपकिरी ठेवा, खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावत. शिडं हलवणारे दोर फिकट.

उभे दोर आत ओढले गेले की शिडीचा डमरू होतो, हे सगळ्यांचंच होतं. १:५० ला गाठींमधलं अंतर साधारण ७ मिलिमीटर येतं. तेवढ्या अंतरावर रेघा मारलेला कागद दोरांच्या मागे चिकटवा. आधी प्रत्येक पाचवी रेघ बांधा, मग मधल्या भरा. गाठ आवळताना आडवा दोरा किंचित सैल, पोट सुटल्यासारखा राहू द्या. कडेच्या दोन दोरांना साधी गाठ, मधल्यांना खुंटीगाठ (क्लोव्ह हिच). रात्री डोळ्यांत झोप असताना करू नका. माझ्या तिसऱ्या बोटीवर डाव्या बाजूला एक पायरी कमी आहे, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा नेमकी तीच मोजतो.