कसब्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतींना खालून ओल चढते. वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करावा का?

नका करू, कळकळीची विनंती आहे. जुनी भिंत दगड, विटा, माती आणि चुन्याची. जमिनीतलं पाणी ती शोषते आणि पृष्ठभागावरून वाळवून टाकते. सिमेंटने तो रस्ता बंद झाला की ओल आणखी वर चढते, कधी थेट लाकडी खांब-तुळयांपर्यंत.

आधी बाहेर जाऊन बघा. पेठांमध्ये रस्त्यावर थरावर थर पडून जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, बुडालंय का? पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं का? फरशी, ड्रेनेज तपासा. निम्मं दुखणं बहुतेक तिथेच सापडतं.

मग सिमेंट आणि ऑइलपेंट हलक्या हाताने काढा. भिंतीवर बोट फिरवलंत की पांढरी, खारट भुकटी लागेल, तो लोणा. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. भिंत जाड असेल तर वाळायला वर्षही लागतं, म्हणून पावसाळा संपताच सुरुवात करा. शेवटी चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. काही वर्षांनी तो गिलावा क्षार ओढून झडेल. झडू द्या, विटा वाचतात. तेवढाच भाग पुन्हा करायचा.

वाडा हेरिटेज यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्या.