पाण्यातल्या टॉनिकचं वेड आणि पोराचं करिअर

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, घरी करार पद्धतीचं पाच हजार पक्ष्यांचं शेड, आणि पोरगं अभ्यास सोडून पाण्याच्या टाकीत कधी लिव्हर टॉनिक, कधी पाणी आंबट करणारं अॅसिडिफायर टाकून कोंबड्यांची वजनं करत बसतं. आता एका औषधाच्या डीलरने त्याला कमिशनवर विक्रीचं काम देऊ केलंय, आणि तुम्ही विचारताय की यात काही भविष्य आहे का, की सरळ बीएस्सी अॅग्रीला घालू.

भविष्य आहे, चांगलं आहे, पण डीलरकडचं काम आत्ता नको. एकदा हातात पैसे खेळायला लागले की पोरं परत पुस्तकाकडे वळत नाहीत, आणि जी गोष्ट विकायची ती खरंच चालते का हे विचारायची सवयही जाते, मला तीच सवय तुमच्या मुलात सगळ्यात मोलाची वाटते.

तो चुकीच्या जागी हात घालत नाहीये हे आधी समजून घ्या. ब्रॉयलर म्हणजे मांसाची कोंबडी एक किलो खाद्य खातो तेव्हा साधारण पावणेदोन-दोन लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि आजारी किंवा उन्हाने धापा टाकणारा पक्षी खाणं सोडतो पण पाणी पीत राहतो, म्हणून इलेक्ट्रोलाइट, व्हिटॅमिन सी वगैरे पाण्यातून देतात. अॅसिडिफायरने पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे आंबटपणा वाढतो, ई कोलाय, साल्मोनेला या रोगजंतूंना ते मानवत नाही. पण पीएच चारच्या खाली गेला तर पक्षी पाणीच कमी पितात आणि वजन वाढायच्या ऐवजी घटतं. क्लोरीनच्या पाण्यात प्रोबायोटिक टाकलं तर त्यातले पोटाला उपयोगी जिवाणू मरतात, पैसे गेले. गोड टॉनिकने निप्पलच्या, म्हणजे पक्षी पाणी पितात त्या पाईपच्या लाईनमध्ये चिकट थर धरतो, लाईन धुतली नाही तर तिथेच रोगजंतू वाढतात. आणि डोस लिटरवर मोजला तर ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी पक्ष्याच्या पोटात औषधही जास्त जातं, हे तर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

त्याला सांगा, आधी बोअरच्या पाण्याची टेस्ट करून आण, पीएच, क्षार, जिवाणू सगळं. पाणीच खराब असेल तर टॉनिक काय करणार. मग शेडचे दोन भाग कर, दोन टाक्या वेगळ्या, एकाच हॅचची, म्हणजे एकदम उबवलेली पिल्लं, एका बाजूला साधं स्वच्छ पाणी, दुसरीकडे औषध. खाद्य दोन्हीकडचं मोजायचं, मर लिहायची, ठराविक वयाला वजनं घ्यायची, आणि पुढच्या लॉटला बाजू बदलायच्या कारण शेडची एक बाजू जास्त तापते. आत्ता तो सगळ्या शेडला देतो आणि वजन आलं की टॉनिकचा गुण म्हणतो, ते हवामानाचं असेल, चांगल्या पिल्लांचंही असेल. हे करायच्या आधी कंपनीच्या सुपरवायझरला विचारायचंच, पक्षी कंपनीचे आहेत. आणि अँटिबायोटिकला हात लावायचा नाही, कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर 2019 पासून माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांसाठी देशात बंदीच आहे.

आता शिक्षणाचं. त्याचं बायोलॉजी असेल तर नीटची प्रवेश परीक्षा मनापासून द्यायला लावा, बी.व्ही.एस्सी. या पशुवैद्यकीच्या पदवीसाठी तीच लागते. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे सरकारी कॉलेजं आहेत, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढे पोल्ट्री सायन्स किंवा पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. केली की इंटिग्रेटर म्हणजे करारावर पक्षी पाळायला देणाऱ्या कंपन्या, फीड मिल, औषध कंपन्यांचं संशोधन अशी दारं उघडतात. बीएस्सी अॅग्री वाईट नाही पण त्यात कोंबडीचं शास्त्र थोडंच येतं, त्याचा जीव जिथे आहे तिथे ती पदवी त्याला नेणार नाही. नीटमध्ये मार्क कमी पडले तर मायक्रोबायोलॉजी घ्या, पाणी तपासणी आणि प्रोबायोटिक दोन्हीकडे त्याची गरज पडते. सुट्टीत उरुळी कांचनला डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची पोल्ट्री संस्था आहे तिथल्या ट्रेनिंगची चौकशी करा.

परीक्षा होईपर्यंत शेडमध्ये रोज तासभर, त्याहून जास्त नाही, आणि तेही वही घेऊन. ही ट्रायल परीक्षा झाल्यावरच्या लॉटला करू दे. डीलरला मात्र याच आठवड्यात नाही म्हणून कळवा, पोराला सांगायला जड जाईल, तुम्हीच कळवा.