स्टेंट बसवल्यावर विमा मिळतो का?

नागपूरच्या मानेवाड्याचे एक किराणा दुकानदार पत्नीला घेऊन आरोग्य विम्याबद्दल विचारायला माझ्याकडे आले होते. वय 57, जुना मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. स्वतः, पत्नी आणि मुलगा अशा तिघांच्या फॅमिली फ्लोटरला, म्हणजे एकत्रित पॉलिसीला, दोन कंपन्यांनी नकार दिला होता. मग ओळखीच्या एजंटने कानमंत्र दिला: "स्टेंटचं लिहूच नका. पाच वर्षं गेली की कंपनी काही विचारत नाही."

"असंच करून टाकू का मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी स्पष्ट नाही म्हटलं. पाच वर्षांची ती गोष्ट अर्धीच खरी आहे. पॉलिसी सलग 60 महिने चालली की माहिती दिली नव्हती एवढ्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय त्या पाच वर्षांतच ॲडमिट व्हावं लागलं तर? जुन्या डिस्चार्ज कार्डावरून सगळं उघड होतं, दावा नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. या सल्ल्याचा मला राग येतो, कारण तो नेमका घाबरलेल्या माणसाला दिला जातो.

"भाऊ, आधी दोन्ही नकार कारणासह लेखी मागा," मी म्हटलं. कंपनीला ते लेखी द्यावंच लागतं. कारण वाचल्यावर लक्षात आलं की अडचण फक्त त्यांच्या हृदयविकाराची होती, तरी पत्नी आणि मुलगाही विम्याविना राहिले होते. त्या दोघांचा वेगळा अर्ज केला, तो सहज मंजूर झाला.

भाऊंसाठी हृदयरुग्णांना घेणारी पॉलिसी शोधली. फॉर्मसोबत अँजिओप्लास्टीचे सगळे कागद जोडले. हप्ता बराच जास्त लागला आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांची प्रतीक्षा आली, म्हणजे तोवर त्या आजारांचा दावा मिळत नाही. नियमाने ती 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पूर्वी 48 होती. पण अपघात किंवा डेंग्यूसाठी इतकं थांबावं लागत नाही.

"आणि या तीन वर्षांत हार्टचंच काही झालं तर?" पत्नीने विचारलं. खरी भीती तीच होती. मी रेशनकार्डाबद्दल विचारलं.

"पांढरं आहे जी. त्याच्यावर काय मिळते?"

मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2024 पासून पांढऱ्या कार्डधारकांनाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, आणि आजार जुना असला तरी प्रतीक्षा नाही. मर्यादा आहेतच: यादीतले उपचार आणि योजनेतलं रुग्णालय हवं, रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं योजनेत आहेत, काही खासगी रुग्णालयंही आहेत. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं. नंतर बिल हातात घेऊन गेलं तर उपयोग होत नाही. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव सारखं आहे का, हेही आजच बघायला सांगितलं. भाऊंच्या बाबतीत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं.

उठता उठता पत्नी म्हणाल्या, "सासूबाई 74 च्या आहेत. त्यांना तर कोणीच घेत नाही."

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं. त्यांना आधार घेऊन बोलावलं आहे.