जुन्या कॉमिक्सच्या संग्रहाची पुढची व्यवस्था कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, आपण साठी ओलांडली आहे, घरात इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि चांदोबाचे शेकडो अंक आहेत, मुले परगावी स्थायिक झाली असून त्यांना यात गोडी नाही; तर आपल्यामागे हा संग्रह रद्दीत जाऊ नये म्हणून आताच काय करता येईल? मी सोलापूरला राहतो आणि बरीच वर्षे हेच अंक जमवत आलो आहे. माझे मत असे की संग्रहाचे पुढे काय होणार हे मालकाच्या हयातीतच ठरते आणि त्याची सुरुवात नोंदवहीपासून होते.

घर आवरायला आलेल्या मुलासुनेला इंद्रजालमधील वेताळ (फँटम) या नायकाचा १९६४ सालचा अंक आणि मागच्या आठवड्याचे साप्ताहिक यांतला फरक कळण्याचे काहीच साधन नसते. त्यांच्या हाती चार दिवसांची रजा असते आणि समोर कागदांचा ढीग. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण अंकांविषयीची सगळी माहिती आपल्या डोक्यात असते आणि ती आपण कुठेही उतरवून ठेवलेली नसते.

म्हणून एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक अंकासाठी मालिका, क्रमांक, महिना व वर्ष, भाषा, छापील किंमत आणि अंकाची अवस्था एवढे लिहावे. इंद्रजालचे सुरुवातीचे अंक सलग क्रमांकांनी निघाले आणि पुढे खंड व अंक अशी मोजणी सुरू झाली, त्यामुळे मुखपृष्ठावर जसे छापले आहे तसेच उतरवून घ्यावे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेच्या बाबतीत अधिक जपून पाहावे लागते, कारण तिच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे पुष्कळ झाली आहेत. छापील किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता यांवरून छपाई केव्हाची असावी याचा बराचसा अंदाज येतो. भाषेची नोंद आमच्या सोलापुरात तर कधीच गाळू नये. येथे मराठी, कन्नड आणि तेलुगू घरे एकाच पेठेत नांदतात, त्यामुळे एकाच गठ्ठ्यात चांदोबाशेजारी त्याचीच कन्नड किंवा तेलुगू आवृत्ती असलेला चंदामामा सापडू शकतो, आणि ज्याला ती लिपी वाचता येत नाही तो वारस तो अंक निरुपयोगी समजून बाजूला टाकतो. अवस्था लिहिताना प्रामाणिक राहावे: मुखपृष्ठ सुटले आहे, मधले पान नाही, कोडे पेनाने सोडवले आहे, हे सारे स्पष्ट लिहिले तरच पुढे घेणारा त्या वहीवर विश्वास ठेवेल.

अंक टिकलेच नाहीत तर नियोजनाला अर्थ उरत नाही, म्हणून जपणुकीविषयीही लिहितो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील एडगर चर्च या चित्रकाराने जमवलेली हजारो कॉमिक्स कुटुंबीयांनी घर रिकामे करताना विकायला काढली आणि १९७७ मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याने ती घेतली. त्या अंकांचे कागद आश्चर्य वाटावे इतके पांढरे राहिले होते, आणि त्याचे श्रेय तेथील कोरड्या, थंड हवेला, अंधाराला आणि गच्च रचलेल्या गठ्ठ्यांना दिले जाते. आपल्याकडे कोरडेपणा आहे, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उष्णतेने वृत्तपत्री कागदातील आम्ल वेगाने काम करू लागते. पाने पिवळी पडतात आणि कडांनी तुटतात. त्यामुळे माळ्यावर, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात अंक ठेवू नयेत; घरातल्या सर्वांत थंड आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि भिंतीपासून थोडे अंतर सोडून ठेवावेत, म्हणजे वाळवी चढताना दिसते तरी. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात, पीव्हीसीच्या नकोत. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी झालेले नुकसान भरून निघत नाही, म्हणून फाटलेले पान फाटलेलेच राहू द्यावे. आमच्याकडे सप्टेंबरात पाऊस जोरात असतो. तो ओसरला की एकदा सर्व गठ्ठे उघडून कसर, बुरशी आणि गंजलेल्या पिना तपासाव्यात.

आता वारसांविषयी. मुलांना सरळ विचारावे की यातले काय ठेवायला आवडेल, आणि मिळालेले उत्तर मनाला न लावता स्वीकारावे. मुलीने इंद्रजालमधील बहादूर या नायकाचे दहा अंक आठवण म्हणून मागितले तर तेवढेच तिला द्यावेत. संपूर्ण संग्रह एकत्र राहिलाच पाहिजे हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो, कारण त्याचे ओझे ज्याने तो जमवला नाही त्याच्यावर पडते.

उरलेल्या अंकांसाठी मृत्युपत्रात स्वतंत्र कलम असावे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी. मृत्युपत्रात वहीचा उल्लेख करायचा असेल तर ती त्या दिवशी लिहून तयार असली पाहिजे, कारण नंतर वाढवलेल्या नोंदी त्यात आपोआप धरल्या जात नाहीत. म्हणून ‘मृत्यूसमयी माझ्या मालकीची सर्व कॉमिक्स’ असे व्यापक शब्द वापरावेत, अंक कोणाच्या स्वाधीन करायचे त्याचे नाव घालावे आणि मसुदा वकिलांना दाखवावा.

वाचनालयाला द्यायचे मनात असल्यास आधी लेखी विचारणा करावी. मोठ्या वाचनालयांपुढेही जागेचा प्रश्न असतो, आणि न विचारता पोहोचवलेली खोकी न उघडता पडून राहण्याची शक्यता फार असते. अंक वाचायला देणार की केवळ जतन करणार, आणि नको झाल्यास परत करणार की काढून टाकणार, एवढे तरी पत्रात लिहून घ्यावे.

विक्री करण्यात कमीपणा मानू नये. पैसे मोजून नेलेला अंक माणूस सहसा जपतो. मात्र परदेशातल्या लिलावांचे आकडे ऐकून आपल्या अंकांची किंमत ठरवू नये, आणि सगळा गठ्ठा वजनावर किंवा एकाच रकमेला देण्याआधी वहीतले दुर्मीळ अंक वेगळे काढावेत. स्कॅन करून स्वतःजवळ प्रत ठेवायची असेल तर ठेवावी, पण ती इंटरनेटवर टाकू नये; अंक आपल्या मालकीचा असला तरी त्यातील चित्रांचा आणि मजकुराचा स्वामित्व हक्क आपल्याकडे येत नाही, आणि तो वारसांनाही मिळत नाही.

आणखी एक मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो. ओळखीत एखादा तरुण वाचक असेल, जो अंक हातात घेताना आधी हात पुसतो, तर त्याला आतापासूनच थोडे थोडे देत जावे. कायद्यानेही जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष हाती सोपवले आणि समोरच्याने स्वीकारले की पूर्ण होते, त्याला नोंदणीकृत दस्त लागत नाही. वहीत त्या अंकापुढे तारीख घालून त्याची सही घ्यावी, म्हणजे पुढे घरात त्याविषयी कोणाला शंका राहणार नाही.